मुंबईत एकट्याने उतरताना : खोलीआधी पत्ता पाहा

मुंबईला निघालेल्या तरुणाला पूर्वी घरातून पहिला प्रश्न विचारला जाई, ‘उतरणार कुणाकडे?’ ‘उतरणार कुठे?’ असे क्वचितच कुणी विचारी. गिरगावातल्या चाळीत आत्या असे, लालबाग-परळला गिरणीत कामाला असलेला चुलता असे, दादरला आईची मावसबहीण असे. ज्यांचे कुणीच नसे ते गावकऱ्यांच्या सामायिक खोलीत, एखाद्या धर्मशाळेत किंवा ‘राहण्याची व जेवणाची उत्तम सोय’ अशी पाटी लावलेल्या लॉजमध्ये पथारी टाकत. ऐपतदार आणि नामवंत मंडळींसाठी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहासारखी ठिकाणे होती. लोकमान्य टिळक मुंबईत आले की तेथे उतरत आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचे निधनही तेथेच झाले.

आज परिस्थिती पालटली आहे. आत्या आणि चुलते कल्याण-डोंबिवली, विरार किंवा पनवेलच्याही पलीकडे राहावयास गेले आहेत. त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात दोन दिवसांसाठी जाऊन राहणे पाहुण्यालाच अवघडल्यासारखे वाटते. दुसरीकडे, मुंबईत एकट्याने येणाऱ्या तरुण-तरुणींची कामे मात्र वाढली आहेत. स्पर्धा परीक्षा, नोकरीची मुलाखत, व्हिसासाठीची भेट, महाविद्यालयातील प्रवेश किंवा विमानतळावरून पहाटे सुटणारे विमान अशी ही कामे असतात. मुक्काम एक-दोन रात्रींचा, पैसे मोजके, शहर अनोळखी. अशा वेळी मोबाइलवर ‘मुंबई’ असे शहर निवडून, सर्वांत कमी भाडे वर येईल अशी यादी लावून, पहिल्या दोन-तीन नावांतून एक पसंत केले जाते.

ही पद्धत सोपी खरी, पण ती उलट्या टोकाने सुरू होते. दोन रात्रींच्या मुक्कामात खोलीचा आकार, भिंतीवरचा दूरदर्शन संच किंवा सकाळच्या मोफत नाश्त्याला फारसे महत्त्व नसते. ज्या कामासाठी प्रवास केला त्या कामाच्या ठिकाणी वेळेवर, ताजेतवाने आणि निर्धास्तपणे पोहोचता येते का, हाच खरा निकष असतो. वर्षभराच्या अभ्यासाची परीक्षा एका सकाळी असते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेचा पहिला पेपर साडेनऊला सुरू होतो आणि केंद्राचे दार त्याआधी अर्धा तास बंद होते. खोलीत वाचवलेले तीनशे रुपये त्या बंद दारापाशी कामी येत नाहीत.

आधी कामाचा पत्ता

हॉटेल शोधण्यापूर्वी कागदावर तीन गोष्टी लिहून काढाव्यात. काम नेमके कोणत्या ठिकाणी आणि किती वाजता आहे, गाडी किंवा बस कोणत्या स्थानकावर आणि किती वाजता पोहोचणार आहे, आणि परतीचा प्रवास कोठून आहे. या तीन बिंदूंच्या मधोमध किंवा त्यांतील पहिल्याच्या जवळ हॉटेल शोधले पाहिजे.

‘मुंबई’ या नावाखाली यादीत जे काही दिसते ते सगळे एका शहरातले नसते. नवी मुंबई, मीरा रोड, वसई येथील हॉटेलेही त्यात मिसळलेली असतात. ‘विमानतळाजवळ’ या शब्दाचा अर्थ तर आता अधिकच तपासून घ्यावा लागतो. मुंबईच्या जुन्या विमानतळाची दोन टर्मिनल्स वेगवेगळ्या रस्त्यांवर आहेत. पहिले सांताक्रूझ-विलेपार्ल्याच्या बाजूला, दुसरे अंधेरी पूर्वेला सहारच्या बाजूला. त्यातच २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी उड्डाणे सुरू झाली असून, तो उलवे-पनवेलच्या परिसरात आहे. पहाटेच्या विमानासाठी ‘विमानतळाजवळ’ म्हणून घेतलेली खोली भलत्याच विमानतळाजवळची असेल, तर चूक लक्षात येईपर्यंत विमान गेलेले असेल. म्हणून तिकिटावरचे विमानतळाचे नाव आणि टर्मिनलचा क्रमांक आधी वाचावा, मगच नकाशा उघडावा.

नकाशावरचे अंतर आणि मुंबईचे अंतर

मुंबई उत्तर-दक्षिण पसरलेली आहे आणि तिचे व्यवहार रेल्वेच्या रुळांना धरून चालतात. पश्चिम, मध्य आणि हार्बर या तीन मार्गांपैकी कामाचे ठिकाण कोणत्या मार्गावर आहे, हे कळले की निम्मा प्रश्न सुटतो. शक्यतो हॉटेल त्याच मार्गावर असावे. गाडी बदलावी लागली की दादर किंवा कुर्ल्यासारख्या स्थानकात जिने चढणे-उतरणे, फलाट शोधणे आणि गर्दीतून वाट काढणे आले. रोजच्या माणसाला ते पाच मिनिटांचे काम, पण नवख्याला पाऊण तासही पुरत नाही.

गर्दीलाही दिशा असते. सकाळी आठ ते अकराच्या सुमारास दक्षिणेकडे जाणाऱ्या लोकल तुडुंब भरलेल्या असतात, तर संध्याकाळी उत्तरेकडे जाणाऱ्या. फोर्ट किंवा चर्चगेटला काम असेल आणि खोली बोरिवली किंवा ठाण्याला घेतली, तर हातात प्रमाणपत्रांची फाइल घेऊन त्याच गर्दीत शिरावे लागते. सीएसएमटी, फोर्ट किंवा मुंबई सेंट्रलच्या बाजूला खोली घेतली तर कामाला चालत किंवा दोन-तीन स्थानकांचा प्रवास करून जाता येते.

दुसरी गोष्ट म्हणजे पूर्व आणि पश्चिम. मुंबईकर पत्ता सांगताना ‘अंधेरी’ म्हणून थांबत नाही, ‘अंधेरी पूर्व’ किंवा ‘अंधेरी पश्चिम’ म्हणतो, यात मोठा अर्थ आहे. नकाशावर दोन ठिकाणे एकमेकांपासून दीड किलोमीटरवर दिसतात, पण मधून रूळ जातात आणि ते ओलांडायला पूल किंवा भुयारी मार्ग गाठावा लागतो. पावसाळ्यात हा फरक निर्णायक ठरतो. जोराच्या पावसात अंधेरीचा भुयारी मार्ग पाण्याखाली जाऊन बंद होण्याचे प्रसंग दर वर्षी येतात. जुलै-ऑगस्टमध्ये काम असेल तर हॉटेल रुळांच्या त्याच बाजूला घ्यावे, ज्या बाजूला काम आहे.

मेट्रोमुळे ‘जवळ’ या शब्दाची व्याख्या बदलली आहे. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर हा पहिला मार्ग २०१४ मध्ये सुरू झाला आणि पूर्व-पश्चिम प्रवासाचा मोठा प्रश्न सुटला. आरे ते कफ परेड हा साडेतेहतीस किलोमीटरचा भुयारी मार्ग टप्प्याटप्प्याने सुरू होऊन ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण झाला. विमानतळाची दोन्ही टर्मिनल्स, वांद्रे-कुर्ला संकुल, वरळी, सीएसएमटी आणि चर्चगेट ही ठिकाणे त्यामुळे एका मार्गावर आली. पूर्वी मरोळला राहून फोर्टला कामाला जाणे नवख्याला सांगवत नसे. आता मेट्रो स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर खोली असेल तर तोही पर्याय विचारात घेण्याजोगा आहे.

परीक्षार्थींनी आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. अनेक परीक्षा रविवारी असतात आणि रेल्वेचा मेगाब्लॉकही रविवारीच असतो. देखभालीच्या कामासाठी काही मार्गांवर दिवसाचे कित्येक तास गाड्या बंद किंवा वळवलेल्या असतात. कोणत्या मार्गावर ब्लॉक आहे हे रेल्वे आदल्या एक-दोन दिवसांत जाहीर करते. खोली मात्र त्याआधीच घेतलेली असते. म्हणून रविवारच्या परीक्षेसाठी लोकलवर अवलंबून न राहता, रिक्षाने किंवा पायी पोहोचता येईल अशा अंतरावर राहणे शहाणपणाचे.

तारखाही पाहाव्यात. गणेशोत्सवात लालबाग, परळ आणि गिरगावच्या रस्त्यांवर रात्रंदिवस गर्दी असते आणि वाहतूक वळवलेली असते. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनानिमित्त चैत्यभूमीवर लाखो अनुयायी येतात, त्या दिवसांत दादर परिसरात आयत्या वेळी खोली मिळण्याची आशा धरू नये.

स्वस्त खोलीचा हिशेब

दूरची खोली स्वस्त असते, पण तिचे खरे भाडे पाटीवर लिहिलेले नसते. १ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेल्या दरांनुसार मुंबईत रिक्षाचे पहिल्या दीड किलोमीटरचे भाडे २६ रुपये आणि पुढच्या प्रत्येक किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे आहे. समजा, स्वस्त हॉटेल कामाच्या ठिकाणापासून १२ किलोमीटरवर आहे. एका फेरीचे भाडे साधारण २०६ रुपये झाले. जाऊन-येऊन ४१२ आणि दोन दिवसांचे ८२४. वाहतुकीच्या कोंडीत थांबण्याचे पैसे यात धरलेले नाहीत. मध्यरात्री बारा ते पहाटे पाच या वेळात २५ टक्के अधिक द्यावे लागतात. शिवाय शीव आणि वांद्र्याच्या दक्षिणेला रिक्षा जात नाही. तेथे टॅक्सी करावी लागते आणि तिचे किमान भाडे ३१ रुपये आहे.

याचा अर्थ, कामापासून चालत जाण्याच्या अंतरावरची खोली रात्रीला ४०० रुपयांनी महाग असली तरी दोन दिवसांच्या मुक्कामात ती प्रत्यक्षात स्वस्तच पडते. शिवाय रोजचे दोन-अडीच तास वाचतात, ते वेगळेच. लोकलने गेल्यास पैसे वाचतात हे खरे, पण रात्री साधारण एक ते पहाटे चार या वेळात लोकल बंद असते. रात्री उशिरा परतायचे असेल तर हा पर्याय उपलब्ध नाही असेच धरून चालावे.

सकाळी सातला गाडी, दुपारी बाराला खोली

महाराष्ट्राच्या अंतर्भागातून येणाऱ्यांची सर्वांत मोठी अडचण येथे असते. कोल्हापूरची महालक्ष्मी, मराठवाड्यातून येणारी देवगिरी, विदर्भ एक्स्प्रेस या रात्रीच्या गाड्या सकाळी मुंबईत पोहोचतात. बहुतेक हॉटेलांत मात्र खोलीचा ताबा दुपारी बारा किंवा दोनला मिळतो. मुलाखत दहाला असेल तर अंघोळ कुठे करायची, बॅग कुठे ठेवायची आणि कपडे कुठे बदलायचे?

यावर तीन-चार उपाय आहेत. काही जुन्या लॉजमध्ये चोवीस तासांचा हिशेब असतो. सकाळी सातला खोली घेतली तर दुसऱ्या दिवशी सातला सोडायची. रात्रीच्या गाडीने येणाऱ्यांना ही पद्धत सर्वांत सोयीची. जेथे ताब्याची वेळ ठरलेली आहे तेथे फोन करून लवकर खोली मिळेल का आणि त्याचे किती पैसे, हे आधी विचारावे. ‘बघू, रिकामी असली तर देऊ’ हे उत्तर म्हणजे होकार नव्हे. खोली मिळत नसेल तर निदान बॅग ठेवून घेतील का, हे तरी पक्के करावे.

तिसरा उपाय रेल्वेचा. मोठ्या स्थानकांवरील विश्रामकक्ष आणि डॉर्मिटरी आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावरून आरक्षित करता येतात. त्यासाठी निश्चित झालेले तिकीट लागते आणि जास्तीत जास्त ४८ तास राहता येते. दर वाजवी असतात, पण जागा थोड्या, त्यामुळे तिकीट काढताच आरक्षण करावे. मुंबई सेंट्रल स्थानकात नोव्हेंबर २०२१ मध्ये भारतीय रेल्वेचे पहिले ‘पॉड हॉटेल’ सुरू झाले. एका माणसाला झोपता येईल एवढी बंदिस्त खण असलेली ही सोय काही तासांच्या विश्रांतीसाठी आहे. स्थानकावरील अमानती सामानघरात बॅग ठेवायची असेल तर तिला कुलूप असावे लागते, हे घरून निघतानाच लक्षात ठेवावे.

लॉज, हॉस्टेल की हॉटेल?

‘हॉटेल’ या शब्दाने मराठी माणसाला आधी चहा-मिसळच आठवते. राहण्याच्या जागांत तर बरेच प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा उपयोग वेगळा.

स्थानकाजवळचे लॉज आणि गेस्ट हाऊस हा जुना पर्याय. भाडे कमी, व्यवहार रोख, खोली लहान. चांगले असेल तर मालक स्वतः काउंटरवर बसलेला असतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांवर त्याचे लक्ष असते. वाईट असेल तर चादरीपासून कडीपर्यंत सगळेच संशयास्पद. आधी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय किंवा ओळखीच्या माणसाने सांगितल्याशिवाय तेथे पैसे भरू नयेत.

अलीकडे कुलाबा, वांद्रे, अंधेरी या भागांत तरुण प्रवाशांसाठी हॉस्टेले निघाली आहेत. तेथे खोली नव्हे, एक पलंग भाड्याने मिळतो. एका खोलीत चार, सहा किंवा आठ जण असतात आणि काही ठिकाणी मुलींसाठी स्वतंत्र खोल्या असतात. सहलीला आलेल्यांना तेथे सोबत मिळते, गप्पा होतात. परंतु दुसऱ्या दिवशी परीक्षा असलेल्याला शेजारच्या पलंगावरील माणूस रात्री दोनला आलेला परवडत नाही. मौजेसाठी हॉस्टेल, कामासाठी स्वतंत्र खोली, असा ढोबळ नियम करता येईल.

संस्थांची अतिथिगृहे हा फारसा लक्षात न येणारा, पण चांगला पर्याय आहे. मादाम कामा मार्गावरील वायडब्ल्यूसीएचे आणि मुंबई सेंट्रल येथील वायएमसीएचे अतिथिगृह ही त्यातील जुनी नावे. अनेक समाजसंस्था, ट्रस्ट आणि शैक्षणिक संस्थांच्याही खोल्या असतात. तेथे नियम कडक असतात. रात्री दार ठरावीक वेळी बंद होते, पाहुण्यांना खोलीत नेता येत नाही. एकट्या तरुण मुलीच्या घरच्यांना हेच नियम दिलासा देणारे वाटतात. मात्र परतीला उशीर होणार असेल तर दार बंद होण्याची वेळ आधी विचारलीच पाहिजे.

शेवटचा पर्याय मध्यम दर्जाच्या साखळी हॉटेलांचा. भाडे अधिक, पण रात्री काउंटरवर माणूस असणे, लिफ्ट, खोलीतून काउंटरशी बोलण्याचा फोन, छापील बिल या गोष्टी बहुधा गृहीत धरता येतात. ज्यांचे काम एकाच रात्रीचे आणि महत्त्वाचे आहे, त्यांनी जेवणाखाण्यात काटकसर करून हा खर्च करावा.

एकटी व्यक्ती आणि नकार

एकट्या तरुणीला, काही वेळा एकट्या तरुणालाही, ‘सिंगलला खोली देत नाही’ असे सांगून परत पाठवणारी लॉजे अजून आहेत. मोबाइलवर आरक्षण झाले, पैसेही गेले आणि दारात नकार मिळाला, असे घडते. या संदर्भात एक गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात दुकाने, उपाहारगृहे यांच्याबरोबर हॉटेलांचाही नावानिशी उल्लेख आहे. केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कोणाही नागरिकाला तेथे प्रवेश नाकारता येत नाही. एकट्या पुरुषाला खोली द्यायची आणि एकट्या स्त्रीला ती स्त्री आहे म्हणून नाकारायची, ही ‘आमच्या हॉटेलची पद्धत’ म्हणून खपवण्याजोगी बाब नाही.

अर्थात रात्री दहा वाजता, हातात बॅग असताना, संविधानाचा दाखला देत उभे राहणे कुणालाच सोयीचे नसते. त्यामुळे आरक्षणापूर्वी हॉटेलला थेट फोन करणे हाच व्यवहारी मार्ग. प्रश्न सरळ विचारावेत. एकट्या व्यक्तीला खोली मिळेल ना? कोणते ओळखपत्र चालते? सकाळी किती वाजता आलेले चालेल? रात्री दार किती वाजता बंद होते? रात्रभर काउंटरवर कुणी असते का? गरम पाणी किती ते किती येते? या प्रश्नांना मिळणाऱ्या उत्तरांपेक्षाही उत्तरे देण्याच्या पद्धतीवरून पुष्कळ कळते. एकटी मुलगी येणार हे ऐकून समोरचा नको त्या चौकश्या करू लागला, तर ते हॉटेल यादीतून काढावे.

वय अठराच्या आत असेल तर पालकांशिवाय खोली मिळत नाही. ओळखपत्र म्हणून आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा पासपोर्ट चालतो. पॅन कार्डावर पत्ता नसल्याने ते बहुतेक ठिकाणी स्वीकारत नाहीत. आधारची प्रत द्यायची असेल तर शेवटचे चारच आकडे दिसतील अशी ‘मास्क’ केलेली प्रत आधारच्या संकेतस्थळावरून काढता येते. ठाणे किंवा मुंबईचाच पत्ता असलेल्यांना काही हॉटेले खोली देत नाहीत, तेही आधी विचारून घ्यावे.

फोटो पाहू नका, अभिप्राय वाचा

हॉटेलने स्वतः टाकलेली छायाचित्रे खोलीच्या सर्वांत चांगल्या दिवशी, सर्वांत चांगल्या कोपऱ्यातून काढलेली असतात. राहून गेलेल्या लोकांनी काढलेली छायाचित्रे, विशेषतः न्हाणीघराची, पाहावीत. अभिप्रायांची सरासरी पाहून थांबू नये. गेल्या तीन-चार महिन्यांतील अभिप्राय वेगळे काढून वाचावेत, कारण व्यवस्थापन बदलले की हॉटेल बदलते. पाच तारे देणारे ‘छान’ एवढेच लिहितात, एक तारा देणारे रागात लिहितात. दोन-तीन तारे देणाऱ्यांच्या लिखाणात कामाची माहिती सापडते. पाणी गेले होते, कडी नीट लागत नव्हती, खाली बार आहे, रात्रभर आवाज होता. एकच तक्रार तीन वेगवेगळ्या माणसांनी केली असेल तर ती खरी धरावी. एकट्याने, त्यातही एकट्या स्त्रियांनी लिहिलेले अभिप्राय आधी वाचावेत.

२०२२ पासून मुंबईतील रस्त्यांची छायाचित्रे गूगल नकाशावर पाहता येतात. स्थानकापासून हॉटेलच्या दारापर्यंत बोटाने ‘चालून’ पाहावे. मुख्य रस्त्यावर दार आहे की गोदामांच्या मागच्या गल्लीत, वाटेत दुकाने आणि दिवे आहेत का, हे घरबसल्या समजते. दिवसा गजबजलेला फोर्टचा किंवा एखाद्या औद्योगिक वसाहतीचा रस्ता रात्री नऊनंतर ओस पडतो, हेही ध्यानात असावे.

हॉटेलचा फोन क्रमांक शोधताना सावध राहावे. हॉटेलांच्या नावाने बनावट संकेतस्थळे आणि क्रमांक टाकून आगाऊ पैसे उकळण्याचे प्रकार घडत असल्याने केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये प्रवाशांना इशारा दिला होता. कुणाच्या वैयक्तिक खात्यावर पूर्ण रक्कम पाठवू नये. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे, कारण पैसे रोखण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. स्थानकाबाहेर ‘चांगली खोली दाखवतो’ म्हणत मागे लागणाऱ्यांच्या मागे जाऊ नये. त्यांचे कमिशन अखेर खोलीच्या भाड्यातूनच वसूल होते.

खोलीत शिरल्यावर

पैसे भरण्यापूर्वी खोली पाहण्याचा आग्रह धरण्यात काहीही गैर नाही. दाराला आतून कडी आहे का आणि ती घट्ट बसते का, शेजारच्या खोलीत उघडणारे दार आहे का, खिडकी उघडते का, नळाला पाणी आहे का, हे पाच मिनिटांत पाहून होते. काउंटरवर खोलीचा क्रमांक सर्वांना ऐकू जाईल असा मोठ्याने उच्चारला गेला तर दुसरी खोली मागावी. तळमजल्यावरची किंवा जिन्याच्या अगदी तोंडाशी असलेली खोली टाळावी. लपवलेल्या कॅमेऱ्याचा संशय आला तर खोली सोडून पोलिसांना ११२ वर कळवावे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार स्त्रीचे खासगी क्षण चोरून पाहणे वा चित्रित करणे हा गुन्हा आहे.

ज्या गोष्टीकडे जवळजवळ कुणीच पाहत नाही ती म्हणजे आगीच्या वेळी बाहेर पडण्याची वाट. १२ फेब्रुवारी २०१९ रोजी दिल्लीत करोलबागच्या एका हॉटेलात लागलेल्या आगीत १७ जण दगावले. २९ एप्रिल २०२५ च्या रात्री कोलकात्याच्या बडाबाजार भागातील हॉटेलात १४ जणांचा मृत्यू झाला. दोन्ही ठिकाणी ज्वाळांपेक्षा धुराने अधिक बळी घेतले. महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार हॉटेलांना आगीची यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये सादर करावे लागते. पाहुण्याला हे प्रमाणपत्र तपासता येत नसले तरी दुसरा जिना कुठे आहे, तो सामान ठेवून अडवलेला तर नाही ना आणि अग्निशामक नळकांड्यावरची तारीख उलटलेली तर नाही ना, हे पाहता येते. झोपण्यापूर्वी खोलीपासून जिन्यापर्यंतची दारे मोजून ठेवावीत. धुरात दिसत नाही, मोजलेले मात्र लक्षात राहते.

हॉटेलचे नाव, पत्ता, खोली क्रमांक आणि काउंटरचा फोन घरी कळवावा. आपला मोबाइल बंद पडला तरी घरच्यांना दुसरी वाट राहते.

बिल आणि तक्रार

२२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोलीवर जीएसटीचा दर ५ टक्के आहे. त्यापूर्वी तो १२ टक्के होता. म्हणजे दोन हजारांच्या खोलीवर शंभर रुपये. जुन्या दराने आकारणी झाली असेल तर विचारणा करावी. जेवणाच्या बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ आपोआप जोडू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये दिली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती ग्राह्य ठरवली. छापील बिल घेतल्याशिवाय निघू नये.

आरक्षण असूनही खोली नाकारली, किंवा दाखवली एक आणि दिली दुसरी, तर वाद घालण्यापेक्षा पुरावा जमवावा. आरक्षणाचा संदेश, पैसे भरल्याची नोंद, प्रत्यक्ष खोलीची छायाचित्रे जपून ठेवावीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोठी सोय करून दिली आहे. ग्राहक जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही तक्रार दाखल करता येते. मुंबईतील हॉटेलविरुद्ध दाद मागण्यासाठी लातूरच्या किंवा जळगावच्या माणसाला पुन्हा मुंबईची वारी करावी लागत नाही.

हे सारे करायला आदल्या आठवड्यातील एक संध्याकाळ पुरते. प्रवेशपत्रावरचा पत्ता नकाशावर शोधणे, त्याच्या आसपासची पाच-सहा हॉटेले काढणे, अभिप्राय वाचणे आणि त्यांपैकी दोघा-तिघांना फोन करणे, एवढेच काम असते. ज्या घरांतून मूल पहिल्यांदाच एकटे मुंबईला निघाले आहे, तेथे आई-वडिलांनी ही संध्याकाळ त्याच्याशेजारी बसून घालवावी, मात्र फोन त्यालाच करू द्यावा. अनोळखी शहरातल्या अनोळखी माणसाला आपली गरज स्पष्ट शब्दांत सांगण्याचा सराव त्याला त्या फोनवर होतो, आणि मुलाखतीच्या खोलीतही तोच उपयोगी पडतो.